'ली' म्हणजे नक्की किती?

उत्तरापुढे युनिट लिहिलं नाही तर मार्क जातो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण हीच आपली मंडळी चिनी भाषा शिकायला बसली की अंतराच्या मापांचा तक्ता एका रात्रीत पाठ करून मोकळी होतात. 'मी' म्हणजे मीटर, 'गोंगली' म्हणजे किलोमीटर, झालं! माझं स्पष्ट मत आहे की हे शब्द असे शिकूच नयेत.

'ली' हे चीनचं जुनं माप, आजच्या हिशेबात ५०० मीटर. इंग्रजी पुस्तकांत त्याला 'चायनीज माईल' म्हटलेलं सापडतं आणि आम्ही कॉन्व्हेंटवाले ते डोळे झाकून मान्य करतो. अहो, मैल म्हणजे १६०९ मीटर, लीच्या तिपटीहून जास्त! १९३४-३५ चा लाँग मार्च चिनी लोक २५,००० लीचा म्हणतात. म्हणजे १२,५०० किलोमीटर. तेच मैल धरले तर ४०,००० किलोमीटर होतील, म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणाच!

उलट 'ली' नीट कळला की बाकीचे शब्द आपोआप उलगडतात. 'गोंग' म्हणजे सर्वांचा, सामायिक. म्हणून गोंगली किलोमीटर. 'यिंग' म्हणजे इंग्लंडचा. यिंगली झाला मैल. 'हाय' म्हणजे समुद्र. हायली झाला सागरी मैल. परकी मापं आली, पण त्यांना नाव घरच्याच शब्दाचं मिळालं.

आता गंमत बघा. 'लीमी' म्हणजे सेंटिमीटर. पण हा 'ली' वेगळा, त्याचा सूर वेगळा, लिहायचं चिन्हही वेगळं. आपल्या वहीत देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, पण एक मीटरचे शंभर भाग करतो आणि दुसरा ५०० मीटर चालवतो! तसंच उंचीचं. 'यी मी छी', शब्दशः 'एक मीटर सात', म्हणजे १.०७ नव्हे, १.७०. हे कुठल्याच तक्त्यात नसतं, कानांनीच शिकावं लागतं.

कोणी म्हणेल, मोबाईल कन्व्हर्ट करून देतोच की! देतो, पण कोणता 'ली' ऐकला ते आधी आपल्याला कळलं पाहिजे ना? शिवाय चीनच्या भिंतीला तिथे 'दहा हजार लीची लांब भिंत' म्हणतात. आपण बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतो, तेव्हा कोण टेप घेऊन मोजायला जातं? मापाच्या शब्दात आकडा असतो आणि त्या लोकांचं बोलणंही असतं. निदान युनिटवर जीव टाकणाऱ्या आपण तरी दोन्ही शिकायला हवं.