‘आता या वयात कशाला?’ असे म्हणू नका

प्रोस्टेटच्या कॅन्सरचे ऑपरेशन करून घरी आलेला माणूस दोन गोष्टी कुणाला सांगत नाही. एक, लघवी थेंब थेंब गळते. दुसरी, बायकोजवळ जाता येत नाही. पहिली निदान ओल्या पायजम्यावरून घरात कळते. दुसरी कळतच नाही. तो वेगळा झोपायला लागतो, बायकोला वाटते आपलेच काही चुकले, आणि मुले म्हणतात बाबा फार चिडचिडे झाले.

आम्ही वॉर्डात नर्स होतो तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी गोळ्या, लघवीची नळी, पुढची तारीख सगळे समजावून सांगायचो. या विषयावर मात्र आम्हीही तोंड उघडले नाही. चूक आमचीच. मग हे काका-मामा लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘मर्दानी ताकदी’च्या जाहिराती वाचून भोंदूंच्या हाती कष्टाचा पैसा देतात. कुणी घाबरून हार्मोनचे इंजेक्शनच सोडून देतो, आणि ते जिवावर बेतू शकते.

यात नामर्दपणा कसला? ऑपरेशनमध्ये ताठरतेच्या बारीक नसांना धक्का बसतो. रेडिएशननंतर तोच त्रास हळूहळू येतो. हार्मोनच्या उपचारात पुरुषी हार्मोन मुद्दाम खाली आणतात, कारण कॅन्सर त्यावर पोसला जातो. त्याने इच्छा कमी होते, स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, पोट सुटते.

इथे व्यायाम उपयोगी पडतो. ऑस्ट्रेलियात अशा ११२ रुग्णांवर सहा महिने अभ्यास झाला. देखरेखीखाली वजनाचे आणि दमसासाचे व्यायाम केलेल्यांची ताठरता इतरांपेक्षा जास्त सुधारली. सगळे पहिल्यासारखे होईल असे आम्ही म्हणणार नाही. नसा कापल्या गेल्या असतील तर व्यायामाने जुळत नाहीत. पण जिमचे पैसे लागत नाहीत. भरभर चालणे, हात न टेकता खुर्चीवरून उठबस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. लघवी रोखताना जो स्नायू आवळतो तो, नळी काढल्यानंतर, बसल्या बसल्या आवळून सोडायचा. त्याने गळणेही कमी होते. कॅन्सर हाडात गेला असेल तर वजन उचलण्याआधी डॉक्टरांना विचाराच. आणि हृदयाच्या नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर ताठरतेची गोळी मेडिकलमधून परस्पर मुळीच घेऊ नका, रक्तदाब एकदम कोसळतो.

आपल्या मासिकात हे कशाला, असे काहींना वाटेल. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच गुन्हा होता. मुंबई हायकोर्टात कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. खटला हरले, पण उभे राहिले.

वस्तीतल्या विहाराचे अंगण सकाळी तासभर या लोकांसाठी मोकळे ठेवा. कुणी विचारले तर कॅन्सरनंतरचा व्यायाम एवढेच सांगा, बाकी ज्याचे त्याला कळते. आणि पुढच्या तपासणीला बायकोला बरोबर न्या. तुम्हाला विचारवत नसेल तर तिने विचारले तरी चालेल.