इटालियनच्या वहीचं पहिलं पान

गेल्या सप्टेंबरात आमची कन्या पहिलीत गेली. मिलानमधल्या साध्या सरकारी शाळेत. इथे शाळा सुरू होण्याआधी सामानाची यादी येते आणि ती यादी म्हणजे एक प्रकरणच असतं. मोठ्या आकाराच्या वह्या, त्यातही पहिलीच्या मुलांसाठी एक सेंटिमीटरच्या चौकोनांच्या, आणि प्रत्येक विषयाच्या वहीला ठरलेल्या रंगाचं प्लॅस्टिकचं कव्हर. आमच्या वर्गात इटालियनला लाल, गणिताला निळं, विज्ञानाला हिरवं. आपल्याकडे सगळ्या वह्यांना एकच खाकी कागद आणि वर ते नाव-इयत्ता-तुकडी-विषयाचं लेबल. जूनमधल्या त्या खाकी कागदाचा वास मला अजून आठवतो. असो.

तर पहिल्याच आठवड्यात बाईंनी, म्हणजे इथल्या भाषेत माएस्त्राने, सांगितलं की सोमवारपर्यंत इटालियनच्या वहीचं पहिलं पान सजवून आणा. मोठ्या अक्षरात 'इटालियानो' लिहायचं आणि खाली हवं ते चित्र. बास, एवढंच.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दहा मिनिटांत तीन पीडीएफ आल्या. रंगवायला तयार मुखपृष्ठं! इटालियन इंटरनेटवर याचा समुद्र आहे. डोळे असलेली पेन्सिल, हसणारी वही, चष्मा घातलेलं घुबड, फुग्यांवर लिहिलेली ए-बी-सी. प्रिंट काढा, मुलाकडून रंगवून घ्या, डिंकाने चिकटवा. पाच मिनिटांत मोकळे.

मला ती घुबडं काही आवडली नाहीत. मी म्हटलं, आपण काहीतरी चांगलं करू. इथेच माझं चुकलं, पण ते नंतर कळलं. शनिवारी सकाळी कॉफी घेऊन मी इंकस्केप उघडलं. हिरव्या-पांढऱ्या-लाल रंगाची अक्षरं, नीट मार्जिन, खाली एक पिसाचा झुकता मनोरा, एक गोंडोला, पिझ्झाचा एक त्रिकोण. दीड तास गेला. दोन फाँट बदलून पाहिले. (हो, दोनच. खोटं कशाला बोलू, पाच.)

कन्या शेजारी उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "बाबा, पण हे इटालिया आहे. इटालियानो नाही."

मी म्हटलं, तेच ते. ती म्हणाली, "नाही, हे ज्योग्राफियाच्या वहीत."

मला हसू आलं आणि मी प्रिंट काढली. तिने शहाण्या मुलीसारखी ती रंगवली, रेषेच्या बाहेर कुठे जाऊ न देता, एक शब्दही न बोलता. आम्ही ती वहीत चिकटवली. सुंदर दिसत होती. सोमवारी वहीवर एक सोनेरी चांदणी चिकटून आली. मी ती चांदणी ऑफिसात दोघांना दाखवली, हेही कबूल करून टाकतो.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पोरगी बरोबरच बोलत होती. गोंडोला आणि झुकता मनोरा हा माझा इटली आहे, नोकरीसाठी इथे आलेल्या माणसाचा, पहिल्या वर्षी आईला पाठवलेल्या फोटोंमधला. ती इथे जन्मली. तिने गोंडोला पाहिलेली नाही आणि पिझ्झा तिच्यासाठी शुक्रवार रात्रीचा कंटाळा आहे. आपल्या बालभारतीच्या मुखपृष्ठावर शनिवारवाडा आणि वडापाव छापला असता तर आपल्यालाही विचित्रच वाटलं असतं ना? मराठी म्हणजे महाराष्ट्राचं पर्यटन खातं नव्हे.

मग भाषेचं चित्र काढायचं तरी काय? गणिताला आकडे, विज्ञानाला पान, भूगोलाला पृथ्वीचा गोल. भाषेला? विचार करून बघा, सोपं नाहीये.

गंमत म्हणजे इटालियन लोकांनी या प्रश्नावर चारशे वर्षांपूर्वी डोकं चालवलं आहे. फ्लोरेन्समध्ये 1583 साली आकादेमिया देल्ला क्रुस्का नावाची संस्था स्थापन झाली. क्रुस्का म्हणजे कोंडा! भाषेचं पीठ चाळायचं आणि कोंडा बाजूला काढायचा, अशी कल्पना. त्यांचं बोधचिन्ह म्हणजे पीठ चाळायचं यंत्र. 1612 साली त्यांनी आपला मोठा शब्दकोश व्हेनिसहून छापून घेतला, त्याच्याही मुखपृष्ठावर हेच चिन्ह. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की त्या काळी या संस्थेचा सभासद झालेला माणूस स्वतःसाठी एक लाकडी फावडं रंगवून घ्यायचा, धान्य-पीठ उपसायचं असतं तसल्या आकाराचं. त्यावर गहू, पीठ, पाव यांच्याशी संबंध असलेलं त्याने घेतलेलं टोपणनाव, एक चित्र आणि एक बोधवाक्य. एकेकाचं वेगळं. फ्लोरेन्सजवळच्या कास्तेल्लोच्या व्हिलामध्ये ही फावडी आजही भिंतीवर आहेत. मोठमोठे विद्वान, पण करत काय होते? आपापल्या इटालियनच्या वहीचं पहिलं पान सजवत होते! आणि त्या ओळीत एकही झुकता मनोरा नाही.

अर्थात कोंडा काढण्याचा हा उद्योग सगळ्यांना आवडला असं नाही, मलाही तितकासा आवडत नाही. ज्याला फ्लोरेन्सवाले कोंडा म्हणायचे ती बाकीच्यांच्या घरात बोलली जाणारी भाषा होती. 1861 साली इटली एक राष्ट्र झालं तेव्हा इटालियन बोलू शकणारे किती होते? तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने 1963 साली आपल्या पुस्तकात अंदाज दिला तो अडीच टक्क्यांचा. इतर काही अभ्यासकांचा हिशोब दहा टक्क्यांच्या आसपास जातो. दहा धरले तरी उरलेले नव्वद टक्के लोक घरी दुसरंच काहीतरी बोलत होते. पुढे कितीतरी पिढ्यांना इटालियन भेटली ती आईच्या तोंडून नाही, शाळेच्या वहीतून. आमच्या खालच्या मजल्यावर बेर्गामोकडच्या एक आजी राहतात. त्या सांगतात, घरी आम्ही आमची बोलीच बोलायचो, इटालियन शाळेत शिकलो, आणि शाळेत बोली निसटली की सगळे हसायचे. हे ऐकल्यापासून मला त्या लाल वहीकडे बघताना जरा वेगळंच वाटायला लागलं. आमच्या घरातही तसंच आहे की. घरी मराठी, शाळेत इटालियन. फरक इतकाच की आजींची बोली रस्त्यावर ऐकू यायची. आमची मराठी आमच्या दारापाशी संपते.

आणि खरं सांगायचं तर माझ्या त्या दीड तासाच्या कारागिरीमागे हेही होतं. तिची इटालियन माझ्यापेक्षा चांगली आहे. माझ्या चुका ती चारचौघांत सुधारते. त्या वहीत जे जे लिहिलं जाईल त्यात माझा वाटा कमी कमी होत जाणार. निदान पहिलं पान तरी माझं, असं काहीतरी मनात असणार.

पहिलीच्या वह्या लवकर भरतात. नोव्हेंबरमध्ये इटालियनची दुसरी वही आली. या वेळी मी ठरवून स्वयंपाकघरात गेलो आणि पोळ्या लाटत बसलो. अर्ध्या तासाने बोलावणं आलं.

पानभर एक तोंड. पुढचे दोन दात गायब, कारण ते तिचेही गायब आहेत. तोंडातून निघालेली लांबच लांब लाल जीभ पानाच्या तळापर्यंत. इटालियनमध्ये 'लिंग्वा' म्हणजे जीभही आणि भाषाही, वर्गात माएस्त्रा 'लिंग्वा इतालियाना' म्हणाली की पोरं खुसखुसतात म्हणे. वरती 'इटालियानो' असं मोठ्या कॅपिटल अक्षरांत, त्यातला एन उलटा, आणि शेवटचा ओ जागा संपल्यामुळे खालच्या ओळीत. आमच्या धंद्यात याला ओव्हरफ्लो म्हणतात आणि त्यावरून टेस्टिंगवाले बग टाकतात. माझा हात खोडरबराकडे गेलाच होता. पण इथल्या मुलांचा लाडका लेखक ज्यान्नी रोदारी आठवला. 'चुकांचं पुस्तक' नावाचं त्याचं एक अख्खं पुस्तक आहे, 1964 सालचं. एका चुकीच्या अपॉस्ट्रॉफीमुळे गार्डाच्या सरोवराची सुई होते, आणि तो मुलाला रागावण्याऐवजी त्या सुईचीच गोष्ट सांगतो. खोडरबर ठेवून दिलं.

जिभेवर अक्षरं बसवलेली होती. ए, एम, ओ वगैरे. आणि मध्येच एक 'आ'. आम्ही रविवारी गिरवतो तो, काना जरा लांब गेलेला. मी म्हटलं, "अगं, हे इटालियन नाही ना."

"पण जीभ माझीच आहे ना," ती म्हणाली आणि रंगांची पेटी बंद केली.

तर आता माझं मत, ज्यासाठी हे सगळं पुराण लावलं. ती तयार पीडीएफ बंद करा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माझ्यासारख्या हौशी बापांनी आपलं इंकस्केप बंद करावं. पुण्याची बहीण सांगते की तिथे आता शाळेचे प्रोजेक्ट तयार करून देणारी दुकानं आहेत आणि त्यांचा धंदा जोरात आहे. मी तिला हसलो होतो. पण मी वेगळं काय केलं? फक्त पैसे घेतले नाहीत.

दुसरी बाजूही आहे, ती मान्य करतो. सगळ्या मुलांना चित्र काढायला आवडत नाही. कोऱ्या पानासमोर रडकुंडीला येणारी मुलंही असतात, मी स्वतः तसा होतो. दोन्ही पालक सात वाजता घरी येतात तिथे घुबडाची प्रिंट म्हणजे देवदूत. पण कोरं पान आणि घुबड यांच्यामध्ये बरंच काही आहे. हे इथल्याच एका माणसाने दाखवून ठेवलंय, मिलानमध्येच जन्मलेल्या ब्रूनो मुनारीने. 1977 साली त्याने इथल्या ब्रेरा चित्रसंग्रहालयात मुलांसाठी कार्यशाळा सुरू केली. त्याची पद्धत अशी की काय काढायचं ते मुलांना सांगायचं नाही, कसं करता येतं ते करून दाखवायचं. 1978 सालचं त्याचं एक छोटं पुस्तक निव्वळ झाड कसं काढावं यावर आहे: खोडाला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदी आधीच्यापेक्षा बारीक होत जाते, एवढा नियम. आमच्या भाषेत रिकर्शन. नियम एकच, पण दोन मुलांची झाडं सारखी येत नाहीत. त्याच्या आधीच्या, 1974 सालच्या पुस्तकात तो सॅलडची भाजी आडवी कापून तिचे ठसे उमटवतो आणि कागदावर गुलाब फुलतात. हे वाचून मी उडालोच. भेंडीचे ठसे! आपण सगळ्यांनी शाळेत केलेले. भेंडी कापा, पोस्टर कलरमध्ये बुडवा, पानभर फुलं. चित्रकलेत नापास होणाऱ्यालाही जमतं, आणि तरी ते त्याचं स्वतःचंच असतं.

इथल्या शाळांची अजून एक चांगली सवय म्हणजे 'कोर्निचेत्ते'. वहीच्या चौकोनांमध्ये रंगीत नक्षीची पट्टी काढायची, दोन चौकोन वर, एक आडवा, दोन खाली, असं ओळ संपेपर्यंत. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची धाकटी बहीण. मात्र चौकोनांच्या संख्येला नक्षीच्या लांबीने नीट भाग गेला नाही की शेवटी अर्धं फूल उरतं. कन्येने त्या उरलेल्या जागेत एक मांजर बसवलं. मी असतो तर ओळ खोडून पुन्हा मोजत बसलो असतो.

डिसेंबरमध्ये आजीशी व्हिडिओवर बोलताना तिने वह्या दाखवायला आणल्या. आजीला जीभ दाखवली, दात दाखवले, 'आ' दाखवला. आजी इतकी हसली की चष्मा काढून पुसायला लागला. मग आजीनेच विचारलं, आणि ती दुसरी गं, ती मनोऱ्याची? बाबाने फोटो पाठवलेला?

"ती बाबाची आहे," कन्या म्हणाली आणि जिभेकडे परत आली.

नाताळच्या सुट्टीनंतर तिसरी वही सुरू झाली. परवा मी सहज उघडून पाहिली. आत मजकूर बराच झालाय, पण पहिलं पान कोरंच. विचारलं तर म्हणते, अजून ठरलं नाही. माएस्त्राला चालतं का विचारलं, तर चालतं म्हणे. मी वही मिटून तिच्या दप्तरात ठेवली.