सिकलसेलचे संशोधन आणि ग्रामसभेची वर्गणी

चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलच्या संशोधनासाठी गावांनी वर्गणी काढावी, असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे सरकारचे काम, गरिबांच्या खिशात हात कशाला? चंद्रपुरात हिमोग्लोबिन विकारांचे संशोधन केंद्र उभे राहिले, 2023 मध्ये राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले. मग आणखी पैसा कशाला? सरकारची जबाबदारी तिळभरही कमी होता कामा नये. तपासणी, औषध, रक्त हे सारे सरकारनेच पुरवावे. पण संशोधकांनी काय शोधायचे ते दूर कुठेतरी ठरावे आणि गावाने फक्त तपासणीला रक्त द्यावे, ही वाटणी मान्य करता येत नाही. अमेरिकेत दुर्मिळ गणला जाणारा हा आजार आपल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे; म्हणून काय शोधायचे हेही इथेच ठरायला हवे.

‘आधी उपचार, मग संशोधन’ हेही ऐकू येते. पण उपचार किती द्यावा, हेच मुळी संशोधनातून कळते. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध मुलांना दर किलो वजनामागे रोज 20 मिलिग्रॅमपासून सुरू करावे, अशी अमेरिकी शिफारस. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांना 10 मिलिग्रॅम देऊन पाहिले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज दोन्ही घटली. निम्म्या डोसात खर्च कमी आणि औषधाने पांढऱ्या पेशी घटण्याची धास्तीही कमी. भामरागड, एटापल्लीच्या दुर्गम गावांतून मुलाला घेऊन तपासणीला निघणाऱ्या आईबापांसाठी हा फरक मोठा आहे.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. ऐंशीच्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत सिकलसेलची पाहणी केली, तेव्हा लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाही; मग आज ते वर्गणी का देतील? पण त्या वेळी निदानापलीकडे हाती देण्याजोगे फारसे नव्हतेच. हायड्रॉक्सियुरियाची मोठी चाचणी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली, तीही प्रौढांवरची. आज औषध आहे. शिवाय तेंदू-बांबूचा लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभाही आहेत. अमेरिकेत 1938 पासून सामान्य घरांनी दिलेल्या नाण्यांतून पोलिओचे संशोधन चालले आणि 1955 मध्ये लस हाती आली. तेव्हा हंगामाच्या उत्पन्नातला ऐच्छिक वाटा ग्रामसभेने जरूर द्यावा. रुग्णाच्या घराकडून एक पैसाही घेऊ नये, आणि संशोधकांना अट घालावी: आमच्या मलेरियाच्या गावांत हे औषध आमच्या मुलांना कसे लागू पडते ते तपासा, आणि निष्कर्ष आधी ग्रामसभेत, गोंडीतून आणि मराठीतून, सांगा.