मावशीने तिथे काय खाल्लं?

"तुझ्याकडे राहायला आली होती तेव्हा तिला काय काय खायला घातलंस रे?"

मावशीच्या तेराव्याला, व्हिडिओ कॉलवर, धाकट्या मामाने मला हा प्रश्न विचारला. वर्ष २०२२. मी इंग्लंडमध्ये, बाकी सगळे मिरजेत. मागे पानं मांडायची गडबड चालली होती, ती एकदम थांबली. त्यावरून कळलं की प्रश्न एकट्या मामाचा नाही. आधी भरपूर चर्चा होऊन मग तो माझ्यापर्यंत आलाय.

तेव्हा मी गप्प बसलो. घरचं माणूस गेलेलं, त्यात वाद कुठे घालायचा? आज घालतो.

मावशी २०१८ च्या उन्हाळ्यात दोन महिने माझ्याकडे होती. येताना तिने छोटा कुकर, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि दोन किलो तूरडाळ आणली होती. अंडं आहे का हे विचारल्याशिवाय तिने इथे केकचा तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. ही बाई चार वर्षांनी, अडुसष्टाव्या वर्षी आजारी पडली. आधी घड्याळ वाचता येईना. मग जिना उतरताना पायरी सापडेना. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला सुट्टे पैसे मोजता येईनात. मग अंगाला झटके, मग वाचा गेली. पाच महिन्यांत सगळं संपलं. कागदावर डॉक्टरांनी लिहिलं, 'प्रॉबेबल सीजेडी', म्हणजे बहुधा क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग.

कुणीतरी हे नाव इंटरनेटवर टाकलं. तिसऱ्याच ओळीत 'मॅड काउ' आलं आणि खटला निकालात निघाला! इंग्लंडात गायींचा रोग, मावशी इंग्लंडला गेलेली, म्हणजे भाच्याने काहीतरी खाऊ घातलं. शिवाय "गोमातेचे तळतळाट लागतातच" हे आहेच. मावसभावाने मग शहाणपणा केला. शेजारीपाजारी, शाळेतले लोक, भिशीच्या बायका, सगळ्यांना सांगितलं, "पॅरालिसिसचा झटका आला." झाकली मूठ सव्वा लाखाची.

मंडळी, माझं भांडण या झाकल्या मुठीशी आहे.

पण आधी तळतळाटाचा निकाल लावू. हान्स क्रॉइट्झफेल्ट आणि आल्फोन्स याकोब या दोन जर्मन डॉक्टरांनी या रोगाची वर्णनं लिहिली १९२० आणि १९२१ मध्ये. ब्रिटनमध्ये गायींचा रोग ओळखला गेला १९८६ मध्ये. म्हणजे माणसांचा रोग पासष्ट वर्षं आधीपासून वैद्यकाच्या पुस्तकांत होता. गायींकडून माणसांकडे आला तो या रोगाचा वेगळा प्रकार, 'व्हेरियंट'. तो मुख्यतः तरुणांना झाला आणि ब्रिटनमध्ये आजवर त्याने १७८ माणसं गेली. मावशीला झाला तसा नेहमीचा प्रकार दर दहा लाखांत वर्षाला एकदोघांना होतो. तो ब्रिटनमध्ये होतो, जपानमध्ये होतो आणि भारतातही होतो. ताटात काय वाढलंय याची तो चौकशी करत नाही.

मग होतो कसा? मी डॉक्टर नाही, रिसर्च इंजिनियर आहे. पण गेली काही वर्षं माझं पोट याच विषयाच्या जवळपास भरतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. ती विशिष्ट घडी घालून बसली तरच कामाची. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत 'पीआरपी' नावाचं एक प्रथिन असतं. माझ्या, तुमच्या, मामाच्यासुद्धा. कधीतरी त्याच्या एखाद्या रेणूची घडी चुकते. गंमत, खरं तर भीषण गोष्ट अशी, की ही चुकलेली घडी शेजारच्या चांगल्या रेणूंनाही आपल्यासारखंच करायला लावते. विरजण लावल्यासारखं. १९८२ मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी याला 'प्रायॉन' हे नाव दिलं. ना जीवाणू, ना विषाणू, नुसतं प्रथिन रोग पसरवतं, यावर अनेक शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. १९९७ मध्ये त्याच प्रुसिनरना नोबेल मिळालं.

आणि दूध विरजण न लावताही नासतं, हे कुठल्याही गृहिणीला विचारा. या रोगाचे सुमारे ८५ टक्के रुग्ण त्यातलेच. बाहेरून काही आलेलं नसतं, घरातल्याच प्रथिनाची घडी बिघडलेली असते. आमच्या क्षेत्रातली एक तपासणी तर चक्क विरजणाचीच आहे. रुग्णाच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्याचा अंश ताज्या प्रथिनात टाकायचा, हलवायचं, थांबायचं, परत हलवायचं, आणि 'दही' लागलं की त्यात घातलेला रंग चमकतो. ती चमक मोजणारी यंत्रं जुळवणं हे माझं काम. मावशीची ही तपासणी झाली नाही, शवविच्छेदनही झालं नाही. म्हणून 'बहुधा' हा शब्द मी खोडत नाही.

आता कुणी म्हणेल, इंग्लंडात राहतोस म्हणून साहेबाची बाजू घेतोस. छे हो! साहेबाने जे केलं ते संतापजनकच होतं. गवत खाणाऱ्या जनावराला मेलेल्या गुरामेंढरांच्या मांसाहाडांची भुकटी चारली, कारण स्वस्तात प्रथिनं मिळत होती आणि दूध वाढत होतं. त्यातूनच रोग गोठ्यागोठ्यांत पसरला. १९८८ मध्ये या खाद्यावर बंदी आली, पण "गोमांस निर्धोक आहे" ही टकळी चालूच राहिली. मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढे बर्गर धरला. २० मार्च १९९६ ला त्याच पक्षाच्या सरकारला संसदेत कबूल करावं लागलं की माणसांतल्या नव्या रोगाचा संबंध बहुधा गायींच्या रोगाशी आहे. एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास गुरांत रोग सिद्ध झाला आणि चाळीस लाखांहून जास्त गुरं मारून टाकावी लागली.

पण या सगळ्यात पाप कुठलं होतं? माझ्या मते, लोक घाबरतील म्हणून शंका दाबून ठेवणं. "पुरावा नाही" आणि "धोका नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि मंत्र्याने दुसरं वाक्य बोलून वेळ मारून नेली. मामा, आपण तरी दुसरं काय केलं? त्यांनी बाजारभावासाठी झाकलं, आपण अब्रूसाठी.

आणि झाकण्याची किंमत असते. हा रोग जेवणाच्या पंगतीतून किंवा रुग्णाच्या शेजारी बसल्याने पसरत नाही, हे खरं. पण मेंदूच्या शस्त्रक्रियेतून पसरू शकतो. अशा रुग्णाच्या मेंदूत घातलेले इलेक्ट्रोड अल्कोहोल आणि फॉर्मल्डिहाइडने निर्जंतुक करून परत वापरले आणि दोन तरुण रुग्णांना रोग झाला, ही स्वित्झर्लंडमधली घटना १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. मृतांच्या मेंदूतल्या ग्रंथींपासून काढलेलं वाढीचं संप्रेरक मुलांना टोचलं जायचं. ते १९८५ मध्ये बंद झालं, पण त्यातून पुढे जगभरात दोनशेहून अधिक जणांचा मृत्यू ओढवला. ज्या रोगाचं नाव घरचेच लपवतात, त्याच्यासाठी शस्त्रक्रियेची हत्यारं वेगळी कोण ठेवणार? दर दहा लाखांत एक हा हिशेब भारताला लावा. आपली लोकसंख्या तरुण आहे म्हणून हवं तर निम्मा करा. तरी वर्षाला शेकडो रुग्ण निघतात. त्यातले किती जण 'झटका' नाहीतर 'म्हातारचळ' म्हणून जळून जात असतील?

दुसरी किंमत घरातली. शंभरातल्या दहापंधरा रुग्णांत हा रोग आनुवंशिक असतो, आणि मग प्रत्येक मुलाला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी. मावशीच्या डॉक्टरांनी जनुकीय तपासणी सुचवली होती. घरातून उत्तर गेलं, "आता कशाला?"

अमेरिकेतल्या सोनिया वल्लभची गोष्ट सांगतो. तिची आई २०१० मध्ये आनुवंशिक प्रायॉन रोगाने गेली. २०११ मध्ये तपासणीत कळलं की तोच दोष तिच्यातही आहे. ती कायदा शिकलेली, तिचा नवरा एरिक मिनिकेल वाहतूक नियोजनातला. दोघांनी आपापली क्षेत्रं सोडली, जीवशास्त्र शिकून डॉक्टरेट मिळवली, आणि आता दोघं मिळून या रोगावर प्रयोगशाळा चालवतात. पीआरपी तयार होणंच कमी करायचं, या कल्पनेवरच्या एका औषधाच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. औषध चालेल की नाही, आज सांगता येत नाही. पण रोगाचं नाव मोठ्याने घेतलं म्हणून गोष्ट इथवर आली.

हे लिहायच्या आधी मावसभावाला फोन केला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईचं नाव घालू नकोस. बाकी सगळं लिही."

तर मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी तिला पिठलं-भात, मुगाची खिचडी, आणि एका रविवारी इथल्या स्ट्रॉबेरीचं शिकरण खायला घातलं. आता माझा प्रश्न. तुम्ही तिचे सख्खे भाऊ, माझी आई तिची सख्खी बहीण. मावशीच्या आधी घरात असं कुणी गेल्याचं ऐकिवात नाही, म्हणजे बहुधा काळजीचं कारण नाही. पण आपल्या घरात आजवर 'झटक्याने' कोण कोण गेलं, आणि त्यातला खरा झटका कुणाचा होता, हे एकदा बसून नीट आठवाल का?