पावसालाही परवाना

वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनींच्या रोजच्या हालांचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेले असते: ही बंधने सुरक्षेसाठी आहेत. सुरक्षेची गरज खोटी नाही. दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, बसगाड्यांत आणि उपाहारगृहांत सामान्य इस्रायली माणसे मेली; 7 ऑक्टोबर 2023 चे हमासचे हत्याकांड कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही. नाक्यावरच्या झडतीपुरता हा युक्तिवाद ऐकून घेता येईल, पण पाण्यापाशी तो टिकत नाही. 1967 च्या युद्धानंतर काही महिन्यांतच निघालेल्या 158 क्रमांकाच्या इस्रायली लष्करी आदेशाने परवान्यावाचून पाण्याची कुठलीही नवी सोय उभारायला बंदी घातली. हेब्रॉनच्या दक्षिणेला, मसाफर यट्टाच्या टेकड्यांवर, मेंढपाळ कातळातल्या टाक्यांत पावसाचे पाणी साठवतात. पाऊस तिथे हिवाळ्यातच पडतो, वर्षभराची भिस्त त्यावरच. अशी टाकीही विनापरवाना ठरवून उद्ध्वस्त केली गेली आहेत, आणि परवाना मागितला तरी तो बहुधा मिळत नाही. त्याच डोंगरांवरच्या इस्रायली वसाहतींत मात्र नळाला पाणी येते. मेंढ्यांसाठी साठवलेल्या पावसाने कोणाच्या जिवाला धोका पोचतो, याचे उत्तर सुरक्षावाद्यांनी द्यायला हवे.

पाण्याची व्यवस्था ठरवणाऱ्या 1995 च्या दुसऱ्या ओस्लो करारावर पॅलेस्टिनी नेत्यांचीच सही आहे, असाही आक्षेप येतो. पण ती व्यवस्था तात्पुरती होती. अंतिम तोडगा पाच वर्षांच्या संक्रमणकाळात निघायचा होता. तो निघाला नाही. नवी विहीर खोदायची तर संयुक्त जलसमितीत इस्रायलची संमती आजही लागते, आणि वेस्ट बँकेचा सुमारे 60 टक्के भूभाग व्यापणाऱ्या, इस्रायली ताब्यातल्या ‘क’ क्षेत्रात त्यावर लष्कराच्या नागरी प्रशासनाचा शिक्का. पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा कारभार ढिसाळ आहे, जुन्या नळांतून पाणी गळते, हेही खरे. पण गळतीने सगळा फरक समजत नाही. बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनीला दिवसाला सरासरी सुमारे 82 लिटर पाणी मिळते, इस्रायलीला सुमारे 247. नळजोडणीच नसलेल्या पॅलेस्टिनी वस्त्यांत हाच आकडा 26 वर येतो. तिथे गळायला नळच नाही. सीमा आणि जेरुसलेम यांचा निवाडा वाटाघाटीशिवाय होणार नाही, हे मान्य. पावसाच्या टाक्यावरची परवान्याची अट काढायला मात्र कुठलाही अंतिम करार लागत नाही. ती लष्करी आदेशाने लादली, लष्करी आदेशानेच उद्या रद्द होऊ शकते.