हाडं मोजता, बाई कधी मोजणार?

‘वय झालं, आता हाडं मोडायचीच.’ हे वाक्य मी मुलांकडून, सुनांकडून, डॉक्टरांकडून ऐकलं आहे आणि खुद्द म्हाताऱ्या बायांच्या तोंडूनही ऐकलं आहे. वयाबरोबर हाडं ठिसूळ होतात, हे खरं. पण कुणाचं हाड मोडण्याचा धोका जास्त आहे, याचा अंदाज आधी बांधता येतो. बांधता येत असूनही कुणी बांधत नाही, याला नशीब म्हणत नाहीत. हेळसांड म्हणतात.

पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत बाईचं हाड झपाट्याने झिजतं. नेमकं त्याच वयात सरकारची नजर आपल्यावरून उठते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांसाठीची प्रश्नावली आहे १५ ते ४९ वयापर्यंतची. पाचव्या फेरीत रक्तदाब आणि साखर पुढच्या वयातही मोजली, पण मुख्य प्रश्न पन्नाशीच्या उंबरठ्यावर थांबतात. मूल होण्याचं वय संपलं की बाई हिशेबातून बाद! गर्भाशयापलीकडे बाईला शरीर आहे, हे आपण किती वर्षं ओरडून सांगतो आहोत?

सरकार बघत नाही तिथे बाजार बघतो. वस्त्यांमधून ‘हाडांची मोफत तपासणी’ होते. टाच यंत्रात ठेवायची, एक आकडा मिळतो, शेजारच्या टेबलावर कॅल्शियमच्या गोळ्या. ज्या उणे २.५ या आकड्यावरून ठिसूळपणाचं निदान होतं, तो जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवला, आणि तो खुबा, मणका अशा ठिकाणच्या डेक्सा तपासणीसाठी आहे. टाचेच्या आकड्याला तोच नियम लावता येत नाही. शिवाय हाड मोडलेल्या बायांपैकी निम्म्याहून अधिक जणींची घनता त्या रेषेच्या वरच असते. म्हणजे मोफत आकड्याने एकीला उगीच घाबरवायचं आणि दुसरीला खोटा धीर द्यायचा.

मग धोका ओळखायचा कसा? मुख्यतः विचारून. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातून ‘फ्रॅक्स’ नावाचं गणित आलं. पुढच्या दहा वर्षांत खुबा, मणका, मनगट किंवा खांदा मोडण्याची शक्यता ते टक्क्यांत सांगतं. घनतेचा आकडा असला तर उत्तम, नसला तरी चालतं. वय, वजन, उंची, आधी मोडलेलं हाड, आई-वडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, दारू, स्टेरॉइड, संधिवाताचा आमवात हा प्रकार, असे साधे प्रश्न आहेत. यंत्राआधी प्रश्न, ही वाट मला पटते.

पण प्रश्न कुणाचं आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून केले, हेही आपण विचारायला हवं. त्यात सिगारेट आहे, आपल्याकडची मिश्री नाही. स्टेरॉइड घेता का, असं विचारतात. पण गुडघेदुखीसाठी वर्षभर पुड्या खाल्लेल्या बाईला पुडीत काय होतं, हे सांगितलंय कुणी? आईचा खुबा मोडला होता का? आई पडली, अंथरुणाला खिळली, गेली. एक्स-रे कुणी काढला होता? अशा प्रत्येक ठिकाणी ‘नाही’ लिहिलं जातं आणि बाईचा धोका कागदावर कमी होतो. पडण्याचा तर मूळ गणितात प्रश्नच नाही. ओली मोरी, अंधारा जिना, मोतीबिंदू, डोक्यावरचा हंडा, हे सगळं गणिताच्या बाहेर!

आणि पिशवी काढलेल्या बाया? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यातल्या ज्यांचे अंडाशयही काढले, त्यांच्या हाडांची झीज त्याच दिवशी सुरू झाली, कुणाची तिशीतच. टाके सुकल्यावर यांच्या हाडांचा पाठपुरावा कोण करतंय?

काही मैत्रिणी म्हणतील, पाळी जाणं हा रोग नाही, बाईच्या प्रत्येक वयाला डॉक्टरच्या दारात उभं करू नका. अगदी खरं. पाळी गेलेल्या बायांना सरसकट हार्मोन देण्याची लाट अमेरिकेत २००२ च्या मोठ्या चाचणीने ओसरली. हार्मोनने खुब्याचे फ्रॅक्चर कमी झाले, पण स्तनांचा कॅन्सर आणि पक्षाघात वाढला. म्हणूनच तर मी धोका मोजा म्हणते. जिला धोका कमी, तिला गोळ्यांपासून वाचवायचं. जिला जास्त, तिच्यापर्यंत औषध पोचवायचं. सगळ्यांना गोळ्या आणि कुणालाच काही नाही, हे दोन्ही आळशी मार्ग आहेत.

सर्वात मोठी खूण तर उघड्यावर असते. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं, तर पुढचं हाड मोडण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, आणि पहिली दोन वर्षं सर्वात जोखमीची. आपल्याकडे काय होतं? प्लास्टर घालतात, सहा आठवड्यांनी कापतात, बाई भाकऱ्या थापायला परत. उंची घटणं, पाठीला पोक येणं हेही बऱ्याचदा मणका दबल्याचं लक्षण. त्याला आपण ‘म्हातारपण’ म्हणून मोकळे होतो.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. पण भरती झाल्यावर. म्हणजे खुबा मोडल्यावर पाच लाख, मोडू नये म्हणून काही नाही. खुबा मोडलेल्यांपैकी सुमारे पाचातली एक व्यक्ती वर्षभरात दगावते. वाचलेलीची सेवा घरातली दुसरी बाई करते, बिनपगारी.

आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकीचा तपासणीचा कागद भरतात, साठीनंतर तोल जातो का हेही विचारतात. आपली मागणी एवढीच: त्या कागदात चार प्रश्न वाढवा. पन्नाशीनंतर हाड मोडलं का? पाळी कधी गेली, की पिशवी काढली? गेल्या वर्षात किती वेळा पडलात? उंची कमी झाली का? ‘हो’ म्हणणारीला जिल्हा रुग्णालयात डेक्सा मोफत मिळाली पाहिजे, लागेल तिला औषध मिळालं पाहिजे, आणि या जादा कामाचा मोबदला आशाताईंना मिळाला पाहिजे.

कागद बदलेपर्यंत आपल्या गटांनी थांबू नये. पुढच्या बैठकीत हेच चार प्रश्न एकमेकींना विचारा, उत्तरं लिहून काढा, आणि ती यादी घेऊन आरोग्य केंद्रावर जा. मोजणी आपण सुरू करू. पुढचा हिशेब त्यांनी द्यावा.