कसोटी तारखेची नव्हे, भिंतीची

विक्रोळीच्या टागोरनगर किंवा कन्नमवारनगर वसाहतीतील जुन्या इमारतींकडे पाहिले, तर मूळ नकाशाबरहुकूम राहिलेला गाळा शोधावाच लागतो. कोठे गॅलरी कोंडून खोली झाली आहे, कोठे तळमजल्याच्या बिऱ्हाडाने पुढील अंगण आत घेतले आहे. नव्या मुंबईत सिडकोने बांधलेल्या घरांची कथाही फारशी निराळी नाही. निवडणुका जवळ आल्या की हे सारे नियमित करण्याची मागणी उच्च स्वराने होऊ लागते.

या मागणीमागील गरज खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. गाळा मिळाला तेव्हा त्यात नवराबायको व दोन मुले होती. पुढे सून आली, नातवंडे आली, गाळा मात्र तेवढाच राहिला. कुटुंब वाढणार हे शासनास आधीच दिसावयास हवे होते. ते दिसू शकते, याचा दाखला बेलापुरात आहे. तेथे सिडकोसाठी वसाहत आखताना वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांनी प्रत्येक घर स्वतंत्र भूखंडावर ठेवले, शेजाऱ्याशी सामाईक भिंत ठेवली नाही आणि कुटुंबाबरोबर घरासही वाढण्यास वाव दिला. हे शहाणपण इतरत्र क्वचितच दिसले.

तथापि गरज खरी म्हणून प्रत्येक फेरफार क्षम्य ठरत नाही. बहुमजली इमारतीत कोणतीही भिंत एकट्याची नसते. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगाव येथे महापालिकेच्या मालकीची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ जीव गेले. २०१७ च्या जुलैत घाटकोपर येथील एका खासगी इमारतीने १७ बळी घेतले. दोन्ही ठिकाणी तळमजल्यावरील फेरफारांकडेच बोट दाखविले गेले. जागा वाढविणारा एक आणि प्राणास मुकणारे वरच्या मजल्यावरचे, हा कोठला न्याय?

नियमितीकरणाचा आपला मार्ग मात्र हा भेद पुरेसा ओळखीत नाही. २०१७ साली नगररचना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना काही अटींवर, दंड आकारून, अभय देण्याची सोय झाली. आज ना उद्या ही तारीखही पुढे सरकेल, या आशेवर नव्या भिंती उठतात. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. मीरतमध्ये गृहनिर्माण परिषदेच्या वसाहतीतील निवासी भूखंडावर दुकाने उभी राहिली होती. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी बजावले की, केवळ काळ लोटला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यांवरही कारवाई करण्यास न्यायालयाने सांगितले.

आमच्या मते कसोटी तारखेची नसावी, भिंतीची असावी. खांब-तुळईस धक्का न लावता घरातल्या घरात केलेला बदल अभियंत्याकडून तपासून माफक शुल्कात मान्य करावा. जिना, वाट व मोकळी जागा सर्वांची आहे. ती गिळणारे बांधकाम कोणत्याही दंडाने पावन होऊ नये. खांबास वा तुळईस ज्याने हात लावला, त्याच्याकडून पावती फाडून घेण्याऐवजी ते काम विनाविलंब आणि त्याच्याच खर्चाने सुरक्षित करून घ्यावे. तपासणीचा अहवाल कचेरीच्या कपाटात न ठेवता इमारतीच्या जिन्यात लावावा, म्हणजे वरच्या मजल्यावरील माणसासही तो वाचता येईल.

एक प्रश्न उरतो. त्याच इमारतीत एखादे बिऱ्हाड असे असते, की ज्याने तितक्याच अडचणीत वीस वर्षे काढली, परंतु परवानगीवाचून एक वीटही रचली नाही. शेजाऱ्याचे बांधकाम नियमित होताना त्या कुटुंबास आपण काय सांगणार? जे मागाहून माफ करता येते, ते आधी रीतसर मागणाऱ्यासही मिळाले पाहिजे. त्याचा अर्ज प्रथम निकालात काढावा. माफीच्या अर्जांची पाळी त्यानंतर.